पाहुण्यांसाठी शेती की शेतीसाठी पाहुणे?

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनात अलीकडे एक नवे स्वप्न मूळ धरू लागले आहे. ज्या वर्गाच्या आजोबांनी मुलांच्या शिक्षणासाठी बैलजोडी विकली आणि ज्याच्या वडिलांनी जिल्ह्याच्या ठिकाणी बदली मिळावी म्हणून वरिष्ठांच्या दारी खेटे घातले, त्याच वर्गाचे चिरंजीव आज पुण्यामुंबईची नोकरी सोडून गावच्या शेतावर राहावयास जाण्याची भाषा बोलतात. शेतावर राहावयाचे, रासायनिक खतांस रजा द्यावयाची, थकलेली जमीन पुन्हा जिवंत करावयाची, आणि त्याच शेतात चारसहा टुमदार खोल्या बांधून शहरच्या पाहुण्यांस स्वास्थ्य व शांतता विकावयाची, असा हा बेत आहे. त्याच्या पहिल्या भागास 'रिजनरेटिव्ह फार्मिंग' व दुसऱ्यास 'वेलनेस' ही नावे आहेत. आम्ही या लेखापुरते पहिल्यास पुनरुज्जीवक शेती व दुसऱ्यास स्वास्थ्यनिवास असे म्हणू.

कोकणचा किनारा आणि लोणावळ्याचे डोंगर या बेतास पूर्वीच परिचित होते. आता तो वऱ्हाडच्या काळ्या मातीतही बोलला जाऊ लागला आहे. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड नावाचे गाव आहे. खरिपात सोयाबीन व तूर, विहिरीस पाणी असेल तर रब्बीस हरभरा, आणि उन्हाळ्यात उघडी बोडकी वावरे, असे वऱ्हाडातील शेकडो गावांसारखेच ते गाव. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला व जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता पुरा झाला. तो वाशिम जिल्ह्यातून जातो. त्यामुळे नागपूर व छत्रपती संभाजीनगरची गाडीवाली कुटुंबे या मुलखाच्या टप्प्यात आली आहेत. लोणारचे सरोवरही येथून फार दूर नाही. अशा ठिकाणी वडिलोपार्जित दहावीस एकर असलेल्या आमच्या परिचयाच्या मंडळींत हा विषय निघाला की सर्वांचे डोळे चमकू लागतात. त्या डोळ्यांपुढे काय दिसत असते आणि काय दिसत नसते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या योजनेच्या कैवाऱ्यांचे म्हणणे प्रथम त्यांच्याच बाजूने मांडणे न्यायाचे होईल. ते म्हणतात की, जमीन सुधारावयास वर्षे लागतात. त्या वर्षांत उत्पन्न घटते. केवळ पिकावर विसंबणारा माणूस तेवढा काळ तग धरू शकत नाही. म्हणून पाहुण्यांच्या खोल्यांचे उत्पन्न हा मधल्या काळातील टेकू होय. शिवाय गावातील तरुणांस काम मिळते, भाजी व दूध जागेवर खपते, दलालाची कटकट टळते, आणि शहरातील ज्या मुलाने तूर केवळ वरणात पाहिली त्यास तुरीचे झाड दिसते. ही विधाने खोटी नाहीत. त्यांतील एकाही विधानास आम्ही विरोध करीत नाही. आमचा विरोध आहे तो टेकूसच घराचा मालक करून टाकण्याच्या प्रवृत्तीस. आणि ही प्रवृत्ती या बेताच्या पोटातच दडलेली आहे, हे आम्ही दाखवू इच्छितो.

पुनरुज्जीवक शेतीची कल्पना परदेशी म्हणून टाकाऊ आहे, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. ती मुळात परदेशीच नाही. हे विशेषण १९८० नंतरच्या दशकात रॉबर्ट रोडेल या अमेरिकन गृहस्थाने रूढ केले, हे खरे. परंतु रोडेल घराण्यास प्रेरणा मिळाली ती अल्बर्ट हॉवर्ड यांच्या लेखनातून. आणि हॉवर्डसाहेब शहाणे झाले ते आपल्याच मुलखात. ते १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले आणि १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संशोधनसंस्थेचे संचालक होते. शेण, काडीकचरा, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व राख यांच्या थरांपासून उत्तम खत कसे करावे, हे त्यांनी तेथे सिद्ध केले व त्यास 'इंदूर पद्धत' असे नाव पडले. या विषयावरील १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर यशवंत वाड यांचेही नाव सहलेखक म्हणून आहे. हिंदी शेतकरी आणि पिकांवरील किडी हेच आपले खरे गुरू, अशी कबुली हॉवर्डसाहेबांनी मोकळ्या मनाने दिली. म्हणजे माळव्यातील उकिरड्यावरून निघालेली विद्या पेनसिल्व्हेनियाची यात्रा करून, नवे नाव धारण करून घरी परतली आहे. तिचे स्वागत अवश्य करावे. मात्र तिचा मुक्काम उकिरड्यावर असतो, दिवाणखान्यात नसतो, एवढे विसरू नये.

जमीन थकली म्हणजे नेमके काय झाले, हे अनेकांस ठाऊक नसते. म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जमिनीत कुजलेला पालापाचोळा, मुळे, शेण व सूक्ष्म जीव यांच्या रूपाने जो अंश असतो, त्यास शेतकीशास्त्रात सेंद्रिय कर्ब म्हणतात. विदर्भातील पुष्कळ शेतांत त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली गेले आहे. तो असेल तर माती पाणी धरते, मुळांस हवा मिळते व अन्नद्रव्ये टिकून राहतात. तो गेला की तीच काळी माती पावसात चिखल होते आणि उन्हात विटेसारखी कडक होऊन भेगाळते. तो गेला कसा? पूर्वी या भागात ज्वारी असे. ज्वारीबरोबर कडबा येई, कडब्यावर जनावरे राहत, जनावरांचे शेण वावरात पडे. ज्वारी मागे पडून सोयाबीन आले; कडबा गेला; कडब्यामागून जनावरे गेली; आणि जनावरांमागून शेणखत गेले. हरभरा निघाल्यापासून मृगापर्यंत जमीन उघडी पडते. ट्रॅक्टरची नांगरट तिला उलटीपालटी करून उन्हात भाजते, आणि पहिल्या वळवाबरोबर वरचा सुपीक थर ओढ्याला मिळतो. हे चक्र उलट फिरविणे म्हणजे पुनरुज्जीवन. जमीन झाकलेली ठेवणे, नांगरट कमी करणे, काड व कुटार न जाळता जमिनीस परत देणे, पिकांची फेरपालट करणे, धुऱ्यावर झाडे लावणे, जनावरे पुन्हा गोठ्यात आणणे, आणि पावसाचे पाणी शेतातच मुरविणे, ही त्याची अंगे होत. यांतील एकही काम छायाचित्रात शोभून दिसणारे नाही आणि एकही एका वर्षात होणारे नाही.

आता खोल्यांकडे वळू. येथे आम्ही काही आकडे मांडतो. ते गृहीत म्हणून मांडतो, परंतु वाचकांनी ते आपल्या हिशेबाने बदलून पाहावे, निष्कर्ष बदलणार नाही. केनवडकडील एखाद्या शेतकऱ्याचे पाच एकर सोयाबीन आहे असे धरा. एकरी सहा क्विंटल पीक आले तर एकूण ३० क्विंटल झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरविला. तो पुरेपूर हाती पडला असे मानले तरी ढोबळ उत्पन्न १,५९,८४० रुपये होते. त्यातून बी, खत, फवारणी, डवरणी, सोंगणी व मळणी वजा जावयाची. आणि हमीभाव पुरेपूर हाती पडतोच असे नाही. २०२४ च्या हंगामात तो ४,८९२ रुपये असताना बाजारातील भाव त्याच्या बराच खाली रेंगाळत होता. याउलट त्याच शेतातील एक खोली रात्रीस ३,००० रुपयांनी वर्षातून केवळ शंभर रात्री भरली, तर ३,००,००० रुपये येतात. म्हणजे पाच एकरांच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. चार खोल्यांची गोष्टच नको.

हा हिशेब योजनेचे कैवारी मोठ्या आनंदाने सांगतात. आम्हांस त्यातच धोका दिसतो. ज्या धंद्यातून रुपयातील पंधरा आणे येतात, त्या धंद्याचीच सत्ता घरात चालते, हा संसाराचा नियम आहे. पहिल्या वर्षी खोली शेताच्या मदतीस येते. दुसऱ्या वर्षी पाहुण्यांच्या वाटेत येतो म्हणून उकिरडा दूर हलविला जातो. तिसऱ्या वर्षी गोठ्यात माशा होतात अशी तक्रार येते आणि दहा जनावरांच्या जागी छायाचित्रापुरती एक गाय व तिचे वासरू उरते. चौथ्या वर्षी तुरीच्या जागी हिरवळ येते, कारण तूर निघाल्यावर वावर उजाड दिसते आणि पाहुण्यांस ते रुचत नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा पाहुणे टिकावेत म्हणून थंड हवेची यंत्रे येतात आणि त्यांमागून पोहण्याचा तलाव येतो. पाचव्या वर्षी पाटीवर 'पुनरुज्जीवक शेती' ही अक्षरे मोठी झालेली असतात, पण शेती कोठे आहे असे विचारल्यास खोल्यांच्या मागील बाजूस बोट दाखवावे लागते. यात कोणाची लबाडी असते असे नव्हे. मालक सज्जन असला तरी हेच घडते, कारण त्याच्या जमाखर्चाच्या वहीचा तोच हुकूम असतो.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले. हॉटेलातील एका खाटेमागे दररोज १८० लिटर पाणी लागते, असे भारतीय मानकात धरलेले आहे. म्हणजे सरकारी कागदावरच एक पाहुणा तीन गावकऱ्यांहून अधिक पाणी घेतो. सहा खोल्यांत बारा पाहुणे उतरले तर २,१६० लिटर झाले. म्हणजे गावातील एकोणचाळीस माणसांचा वाटा. बागेचे पाणी आणि चादरी धुण्याचे पाणी हौसेप्रमाणे वाढत जाते ते वेगळेच. हे पाणी येणार कोठून? तळाशी काळा खडक असलेल्या या मुलखात भूजलाचा साठा मर्यादित असतो. एकाने खोल बोअर घेतली की शेजाऱ्याची विहीर एप्रिलातच तळ दाखवू लागते. ज्या शेताने पाणी मुरवावयाचे त्यानेच ते उपसावे आणि वर त्यास पुनरुज्जीवन म्हणावे, हा शब्दांचा व्यभिचार आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आमच्या पूर्वजांनी दुष्काळी मुलखात राहूनच केली असली पाहिजे.

तिसरा प्रश्न जमिनीच्या मालकीचा. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्या माणसास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली. त्या मनाईमागे शहाणपण होते. जमीन कसणाऱ्याच्या हातून सुटली की तो तीवरच मजूर म्हणून राबू लागतो, हे त्या पिढीने पाहिले होते. परंतु सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत ते सगळेच कसणारे नसतात. आमच्या वर्गातील कितीतरी कुटुंबांची नावे आजोबांच्या पुण्याईने सातबाऱ्यावर टिकून आहेत, आणि तेवढ्या आधारावर शेजारच्या अडलेल्या माणसाची पाच एकर विकत घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. ज्या जिल्ह्याचा समावेश २००६ च्या पंतप्रधान-पॅकेजात शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांत झाला, आणि २०१८ मध्ये ज्यास नीती आयोगाने आकांक्षित जिल्हा म्हटले, त्या वाशिम जिल्ह्यात अडलेला माणूस शोधण्यास लांब जावे लागत नाही. अशा वेळी 'शांत जागा, स्वस्त जमीन' हे शब्द आम्हांस बोचतात. जमीन स्वस्त आहे याचा अर्थ तेथे कोणाचे तरी जिणे महाग झाले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने जे नियम स्वतःवर घालून घेतले, त्यांत शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि गावची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही, हे दोन नियम मुख्य होते. त्या गावाचे पुनरुज्जीवन सगळ्या देशाने पाहिले. पाहुणे तेथेही येतात, हजारोंनी येतात. परंतु ते गाव पाहुण्यांसाठी सुधारले नाही, सुधारले म्हणून पाहुणे आले. हा क्रम उलटता येत नाही.

आणि स्वास्थ्य? हा शब्द तर या साऱ्या बेताचा मुकुटमणी आहे. स्वास्थ्य कोणाचे, असा प्रश्न विचारणे आज असभ्यपणाचे मानले जाते. तरी आम्ही तो विचारतो. रात्रीचे वर्णन ऐका: पाहुणा तीन हजार रुपये मोजून त्या शेतात निवांत झोपावयास येतो, आणि त्याच रात्री शेजारच्या वावरात रोही व रानडुकरे यांपासून पीक राखण्यासाठी एक माणूस जागल करीत मचाणावर बसलेला असतो. एकाच चांदण्याखाली एकजण झोप विकत घेतो व दुसरा झोप गमावतो. जो निवास या दुसऱ्या माणसाची दखल घेत नाही, तो स्वास्थ्याचा निवास कसला? ती केवळ खाट होय.

महाराष्ट्रात आरोग्य व शेती यांची सांगड यापूर्वी घातली गेली आहे आणि तिची रीत निराळी होती. १९४६ च्या मार्चात गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे जाऊन राहिले व तेथे निसर्गोपचाराचे काम त्यांनी सुरू केले. आधी विचार होता तो पुण्यातच डॉ. दिनशा मेहता यांच्या उपचारकेंद्रात गरिबांची सोय करण्याचा. परंतु खेड्यातील गरीब शहरात येणार नाही, उपचारानेच खेड्यात गेले पाहिजे, हे ध्यानी येताच त्यांनी बेत बदलला. गांधीजी थोडेच दिवस तेथे राहिले. मागे राहिले मणिभाई देसाई, ते अखेरपर्यंत. माती, पाणी, ऊन व आहार यांनी रोग्यांवर उपचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की, खेड्यातील पुष्कळशा रोगांचे मूळ पोटात आहे आणि पोटाचे मूळ शेतात व गोठ्यात. म्हणून निसर्गोपचाराच्या जोडीस शेती आली, गीर गाई आल्या, आणि १९६७ मध्ये त्यातूनच बाएफ ही पशुसंवर्धन व ग्रामविकासाची मोठी संस्था उभी राहिली. उरुळीचा आश्रम आजही चालू आहे व शहरातील लोक तेथे पैसे देऊन उपचार घेतात. त्यात गैर काही नाही. परंतु तेथे पहिला रोगी गावचा होता. आजच्या स्वास्थ्यनिवासात गावच्या माणसास प्रवेश असतो तो खोली झाडण्यापुरता. हा फरक किरकोळ नव्हे. सारा वाद याच फरकाचा आहे.

यावर आमचे मित्र म्हणतील, तुम्ही प्राध्यापक लोक नेहमी उंटावरून शेळ्या हाकता. शेतकऱ्याजवळ भांडवल नाही, शहराचा पैसा आला नाही तर जमीन अशीच मरेल. यास उत्तर दोन उदाहरणांनी देतो. यवतमाळचे सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ते वऱ्हाडच्याच हवापाण्यात शेती करतात. रसायनांची शेती तोट्यात गेल्यावर त्यांनी ती सोडून गाई, झाडे, पक्षी व पिकांचे अवशेष यांच्या आधारे जमीन उभी केली, व पावसाचे पाणी शिवारातच अडविले. त्यांचे नाव झाले ते शेतामुळे, खोल्यांमुळे नव्हे. दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातील नेरळच्या सगुणा बागेचे. शेखर भडसावळे अमेरिकेतून परत येऊन शेती करू लागले आणि कृषिपर्यटनाचा पायंडा महाराष्ट्रात ज्यांनी पाडला त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. तेथे पाहुणेही आहेत व पुनरुज्जीवनही आहे. कायमचे गादीवाफे, नांगरटीस फाटा आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवणे, ही त्यांची सगुणा पद्धत भातापासून निघून इतर पिकांपर्यंत व इतर जिल्ह्यांपर्यंत गेली. तीतील तणनाशकाच्या वापरावर कडव्या नैसर्गिक शेतकऱ्यांचा आक्षेप आहे. तो वाद येथे नको. सांगावयाचे ते हे की, त्या बागेतून पाहुणे घरी जाताना आठवणी घेऊन गेले, पण शेतकरी जाताना एक पद्धत घेऊन गेले. खोल्या बंद पडल्या तरी जी शेती उरेल, तीच खरी शेती.

तथापि नेरळचा कित्ता केनवडला जसाच्या तसा गिरविता येणार नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. नेरळला मुंबईची लोकल जाते व शनिवारी सकाळी निघालेले कुटुंब न्याहारीस तेथे पोहोचते. केनवडला रेल्वे नाही. वाशिमचे स्थानक अकोला-पूर्णा मार्गावर आहे. चार महिने ऊन असे की पाहुण्याने बाहेर पाऊल टाकू नये, आणि पाऊस लागला की काळ्या मातीत त्याची गाडी रुतावी. मग उरतात हिवाळ्याचे दिवस व सुट्यांचे शनिवार-रविवार. म्हणजे जो टेकू म्हणून मानला तोही वर्षभराचा नाही. ज्यांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या त्यांस हे उन्हाळ्यात कळेल. तेव्हा हप्ता फेडण्यासाठी विकावयास शेतच हाताशी असेल.

मग हा उद्योग करूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात शेतकऱ्यास व शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस या धंद्यात अधिकृतपणे उतरण्याची वाट दिली. ती वाट चांगली आहे. फक्त तीवर चालणाराचे तोंड शेताकडे असले पाहिजे. ते तसे आहे की नाही, हे ओळखण्याच्या काही कसोट्या आम्ही सुचवितो. पहिली अशी की, खोलीची वीट रचण्यापूर्वी निदान तीन खरीप जमिनीवर काम झालेले असावे आणि माती तपासल्याचे दाखले पहिल्या वर्षापासून जपून ठेवलेले असावेत. आज काय आहे हे ठाऊक नसेल तर उद्या काय सुधारले हे कोण सांगणार? दुसरी अशी की, पाहुण्यांचे पाणी छपरावरून व शेततळ्यातून यावे, नव्या बोअरमधून नव्हे. आणि तळे आटले की खोल्या बंद व्हाव्यात. तिसरी अशी की, खोल्यांच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा जमिनीवर खर्च व्हावा व त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. ज्यास गावापुढे वही उघडण्याची लाज वाटते, त्याने गावाच्या नावावर धंदा करू नये. चौथी अशी की, ताटातील तूर, ज्वारी, हरभरा व भाजी केनवडच्याच शेतकऱ्यांकडून हमीभावाहून कमी नसलेल्या दराने घ्यावी; आणि शक्य तेथे नव्या खोल्या बांधण्याऐवजी गावातील चार घरांच्या ओसऱ्या व माड्या नीट करून भाडे त्या घरांस मिळू द्यावे. पाचवी अशी की, सालगड्यास व मजूर बायांस जो उपचार, जो आहार व जी विश्रांती पाहुण्यांस विकली जाते, तिचा काही वाटा हक्काने मिळावा, मेहेरबानी म्हणून नव्हे.

या कसोट्या कडक आहेत, असे कोणी म्हणेल. पण डॉक्टरकीस पदवी लागते, वकिलीस सनद लागते. जमिनीस जिवंत करतो म्हणणाराकडून मात्र गुळगुळीत पत्रकावरील चार छायाचित्रे पुरेशी मानावयाची, हा कोठला न्याय? पाटी लावणे कोणाच्याही हाती आहे. म्हणूनच कसोटी लावण्याचे काम शेवटी ज्यांच्या खिशातून पैसा जातो त्यांच्याकडे, म्हणजे आपणां वाचकांकडे येते. आपली कुटुंबेच या निवासांची गिऱ्हाइके आहेत. आपण जे मागू तेच पिकेल. आपण हिरवळ मागितली तर तुरीच्या जागी हिरवळ उगवेल. आपण पोहण्याचा तलाव मागितला तर विहिरीचे पाणी तलावात जाईल. आणि आपण शेत मागितले तर कदाचित शेत वाचेल.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे. पुढल्या सुटीत अशा एखाद्या शेतावर उतरण्याचा योग आला, तर सामान खोलीत टाकण्यापूर्वी यजमानास म्हणावे, 'भाऊ, आधी तुमचा खताचा खड्डा दाखवा. मग विहीर दाखवा. मग गेल्या तीन वर्षांचे माती-तपासणीचे कागद दाखवा.' ते दाखविताना यजमान खुलला, हातात माती घेऊन बोलू लागला, तर तेथे खुशाल चार दिवस राहावे आणि पैसे देताना घासाघीस करू नये. तो ओशाळला व आपणांस बागेकडे नेऊ लागला, तर चहाचे पैसे देऊन दिवस मावळण्यापूर्वी परत फिरावे.